सेनगाव ते वसमत : जुन्या गाडीची नाडी

पौषातल्या थंडीत पहाटे सेनगावहून निघायचे, नरसी नामदेव, हिंगोली, औंढा नागनाथ, शिरड शहापूर अशी गावे घेत दुपारी वसमतला पोहोचायचे, असा आजचा आपला प्रवास आहे. सारा रस्ता हिंगोली जिल्ह्यातलाच. १ मे १९९९ रोजी हा जिल्हा परभणीपासून वेगळा झाला. त्याच्या पाच तालुक्यांपैकी चार तालुके या एका वाटेवर भेटतात; कळमनुरी तेवढा बाजूला राहतो.

वाहन मात्र नवे नाही. आपण निघणार आहोत जुन्या मारुती आठशेने. पहिली मारुती १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे त्यातली सर्वांत तरुण गाडीही आता दहा वर्षांच्या पुढची झाली. शहरात कुणी तरी वापरून विकलेली, सोयाबीनच्या पैशांतून आपल्या दारी आलेली अशी गाडी आपल्या जिल्ह्यात पुष्कळ घरी दिसते. ती मिरवण्यासाठी नसते. वस्तीवर सुनेला अपरात्री कळा सुरू झाल्या, म्हाताऱ्यांच्या छातीत दुखू लागले, की हीच गाडी निघते. म्हणून ती वाटेत का थांबते, आणि थांबण्याआधी काय सांगत असते, हे घरातल्या एका तरी माणसाला कळले पाहिजे. मिस्त्री काही मागच्या सीटवर बसून येत नाही.

आणि हे कळायला हा रस्ता चांगला. एका दिवसात गाडीला थंडी लागते, बाजारातली गर्दी लागते, औंढ्याच्या माळरानाचा चढ लागतो आणि पुढे सपाट धावही मिळते. रोग कोणत्या ठिकाणी वर येतो त्यावरून तो कुठला हे ओळखता येते.

तर सेनगाव. पहाटेचे साडेपाच. पारा दहा अंशांच्या आसपास, हरभऱ्यावर दव, आणि गाडी काही केल्या सुरू होत नाही. अशा वेळी किल्ली पुन्हा पुन्हा फिरवत बसू नका. आधी आवाज ऐका. नुसते ‘टक’ झाले आणि दिवे मंदावले, तर दोष बॅटरीत किंवा तिच्या टोकांवर आहे. टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साचलेली असते. ती गरम पाण्याने धुऊन, घासून, घट्ट आवळली की निम्म्या वेळा काम भागते. सेल्फ जोरात फिरतो आहे पण इंजिन पकडत नाही, तर मग पेट्रोल नाही किंवा ठिणगी नाही. मागे सायलेन्सरपाशी पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल येते आहे, उलट जास्तच झाले आहे, प्लग भिजले आहेत. चोक आत ढकला, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. वासच नसेल तर पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत येतच नाही. पंप आणि फिल्टर बघायचा. ही चोकची गोष्ट कार्बोरेटरच्या गाडीची. पुढच्या काळातल्या इंजेक्शनच्या गाडीला चोक नसतो. तिच्यात किल्ली फिरवताच मागच्या बाजूने पंपाची बारीक घूं ऐकू आली पाहिजे.

गाडी सुरू झाली. नरसीची वाट धरली. आता काचा वर आहेत, आजीबाई शाल गुंडाळून बसल्या आहेत आणि हीटरची दांडी लाल खुणेकडे सरकवली आहे. सगळ्या मारुतींत हीटर नसतो. पण ज्यांत आहे त्यांच्या मालकांनी इथे जरा लक्ष द्यावे. कारण आपल्याकडे हीटरला फार हिणवले जाते. ‘काका, मराठवाड्यात हीटर कशाला? काढून टाकतो, पाण्याचं एक लफडं कमी,’ असे म्हणून दोन्ही होजपाइप एकमेकांना जोडून देणारे मिस्त्री ठिकठिकाणी भेटतात. मला हे मुळीच पटत नाही. हीटर हा ऊब देण्यापुरता नसतो, तो इंजिनाची नाडी असतो.

कसे ते पाहू. इंजिनाभोवती फिरणारे पाणी तापते आणि थंड होण्यासाठी पुढच्या रेडिएटरमध्ये जाते. त्याच तापलेल्या पाण्याचा एक फाटा डॅशबोर्डच्या मागे असलेल्या लहानशा जाळीतून फिरवलेला असतो. तिच्यामागे पंखा. तो पंखा वारा मारतो आणि जाळीवरून आलेली हवा आपल्या पायांवर येते. म्हणजे हीटर हा एक धाकटा रेडिएटरच आहे, फरक इतकाच की तो गाडीच्या आत आहे आणि त्याच्यावर आपल्याला हात धरता येतो. विहिरीवर डिझेल इंजिन चालवलेले लोक थंडाव्याच्या पाण्याच्या धारेत बोट घालून इंजिन कसे चालले आहे ते सांगत. हीटरची हवा म्हणजे तीच धार.

आता नरसी येईपर्यंत दोन गोष्टींची जोडी लावायची : डॅशबोर्डवरचा उष्णतेचा काटा आणि हीटरची हवा. काटा मधोमध आणि हवा गरम, तर सारे ठीक. काटा खालीच रेंगाळतो आहे आणि हवाही कोमट, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे किंवा कुणी तरी काढून फेकला आहे. थर्मोस्टॅट हे पाण्याच्या वाटेवरचे एक स्वयंचलित दार असते. इंजिन थंड असताना ते बंद राहते आणि पाणी ८०-९० अंशांच्या घरात आले की उघडते. ते काढले तर गाडी गरम होत नाही, हे खरे. पण मग इंजिन सदोदित थंड राहते, पेट्रोल जास्त पिते, ऑइल लवकर खराब होते आणि झीज वाढते. शिवाय मूळ दुखणे, म्हणजे तुंबलेला रेडिएटर, झाकले जाते आणि वैशाखात एकदम उघडे पडते.

काटा बरोबर मध्यावर आहे पण हवा गार, तर हीटरच्या पाण्याची तोटी उघडत नाही. बहुधा तिची तार सुटलेली असते. दांडी निळ्या खुणेवर असूनही पायांवर झळा येतात, तर तीच तोटी बंद होत नाही. ही किरकोळ कामे. हवाच येत नसेल तर आधी फ्यूज बघा.

सर्वांत महत्त्वाची जोडी मात्र ही : काटा वर चढतो आहे आणि हीटरची हवा गार पडली आहे. वाचणाऱ्याला हे उलटे वाटेल. इंजिन तापले तर हवा अधिक गरम नको का? नको. हीटरला गरम व्हायला पाणी लागते. पाणी कमी झाले किंवा नळ्यांत हवा धरली, तर त्या लहान जाळीत पाणी पोहोचतच नाही. पंपाने हवा धरल्यावर मोटार फिरते आणि पाणी येत नाही, तसेच हे. आणि काट्याचा सेन्सरही पाण्यात बुडालेला असेल तरच नीट बोलतो. पाणी अगदीच गेले तर काटाही खोटे सांगू शकतो. म्हणून गरम हवा अचानक गार झाली की काट्यावर विसंबू नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा.

आणखी दोन खुणा घरच्या बायकांना आधी कळतात, असा माझा अनुभव आहे. एक, समोरची काच आतून सारखी धूसर होते, पुसली की चिकट लागते, गाडीत गोडसर वास येतो आणि डावीकडची चटई ओली राहते. ही हीटरची जाळी फुटल्याची खूण. कूलंटला तो गोड वास असतो. लहान मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना त्यापासून दूर ठेवा, पोटात गेला तर विष आहे. दुसरी खूण त्याहून गंभीर. काचा बंद असताना धुराचा वास येणे, डोके जड होणे, मुलांना मळमळणे. सायलेन्सरचा पाइप पुढे कुठे तरी फुटला असेल किंवा तळाचा पत्रा गंजून भोक पडले असेल, तर धूर गाडीत शिरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. ‘थंडीने डोके दुखत असेल’ असे म्हणून गप्प बसू नका. काचा खाली करा, थंडी वाजली तरी चालेल, आणि पाइप दुरुस्त होईपर्यंत म्हाताऱ्यांना व मुलांना त्या गाडीत बसवू नका.

नरसी आली. संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून वारकरी हिला मानतात. कयाधूच्या काठी पाच मिनिटे थांबून दर्शन घेऊ आणि पुढे निघू.

हिंगोलीत शिरता शिरता नऊ वाजतात. हळदीच्या बाजाराचे दिवस असले की ट्रॅक्टर, टेम्पो आणि बैलगाड्या यांत पाऊल पुढे सरकत नाही. गाडी जागच्या जागी धडधडते आणि काटा हळूहळू वर जातो. गर्दीतून सुटून मोकळ्या रस्त्याला लागलात की तोच काटा खाली येतो. हा दोष जवळजवळ नेहमी रेडिएटरच्या पंख्याचा असतो. धावत्या गाडीला वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीला पंखाच लागतो. मारुतीचा पंखा विजेवर चालतो. पाणी तापले की एक स्विच त्याला चालू करतो. म्हणून फ्यूज, मग स्विच, मग पंख्याची मोटार, या क्रमाने बघायचे. स्विचच्या वायरी मिस्त्रीकडून क्षणभर थेट जोडून घ्या. पंखा फिरला तर स्विच गेला, नाही फिरला तर मोटार. एक मात्र सांभाळा. इंजिन बंद केले तरी हा पंखा अवचित फिरू शकतो. बॉनेट उघडून वाकताना बोटे, पदर, उपरणे त्याच्यापासून दूर ठेवा. जुन्या पद्मिनीचा, म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या त्या फियाटच्या घराण्यातल्या गाडीचा, पंखा पट्ट्यावर चालायचा. तिथे ही भानगड नव्हती.

पट्ट्यावरून आठवले. बहुतेक जुन्या छोट्या गाड्यांत पाण्याचा पंप आणि बॅटरी भरणारा अल्टरनेटर एकाच फॅनबेल्टवर फिरतात. तेव्हा बॅटरीचा लाल दिवा लागला आणि त्याच वेळी काटा चढू लागला, तर दोन रोग शोधू नका. पट्टा तुटला आहे. अशा गाडीने ‘पुढच्या गावापर्यंत’ जायचे नसते. जादा पट्टा डिकीत ठेवणारा माणस शहाणा.

हिंगोली सोडली की औंढा सुमारे पंचवीस किलोमीटर. ऊन वर आलेले, रस्ता माळावरून चढत जाणारा, गाडीत पाच माणसे आणि मागे भाजीची पोती. इथे काटा चढला तर तो पंख्याचा दोष नव्हे, कारण वारा भरपूर आहे. इथे रेडिएटर आतून तुंबलेला असतो किंवा पाणीच कमी असते. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. घरातल्या बंबाच्या आत जो पांढरा थर धरतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो. म्हणून बोअरचे पाणी घालू नये. बॅटरीसाठी मिळते ते शुद्ध पाणी आणि कूलंट, हेच घालावे. खर्च थोडा, पण एकदा हेड उघडावे लागले तर कित्येक क्विंटल सोयाबीन त्यात जाते.

चढावर काटा लाल खुणेकडे निघाला तर त्याच हिणवलेल्या हीटरचा उपयोग होतो. काचा खाली करा, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा पूर्ण जोरात. भर दुपारी पाय भाजतील, पण तो धाकटा रेडिएटर इंजिनाची बरीच उष्णता बाहेर काढतो आणि सुरक्षित जागी थांबेपर्यंत वेळ मिळतो. ज्यांनी पाइप जोडून हीटर बंद करून टाकला, त्यांना ही सोय नाही.

थांबल्यावर काय करायचे नाही, ते आधी. रेडिएटरचे झाकण उघडायचे नाही. ते झाकण म्हणजे कुकरची शिट्टीच. दाबाखाली पाणी शंभर अंशांना न उकळता ११५-१२० अंशांपर्यंत पाणीच राहते. झाकण सैल केले की दाब जातो, त्याच क्षणी त्याची वाफ होते आणि चेहऱ्यावर, हातांवर येते. शिमग्याच्या सुमारास हळद शिजवण्याचे वाफेचे कुकर ज्यांनी चालवले आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. किमान अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. वरचा पाइप हाताने दाबता आला की मग जाड फडके ठेवून झाकण फिरवा. तापल्या इंजिनात गार पाणीही ओतू नका. हेड अॅल्युमिनियमचे असते, तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखे वाकते किंवा तडकते.

तेवढ्या वेळात औंढ्याचे देऊळ पाहून होते. नागनाथ बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानला जातो. इथला नंदी देवळाच्या पाठीमागे आहे. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरले, अशी कथा सांगतात. बाहेरच्या भिंतींवरचे कोरीव काम सावकाश, फेरी मारत बघण्यासारखे आहे. याच तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा होते आहे. केंद्र सरकारने तिला २०२३ मध्ये मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असणारे ते यंत्र दूरच्या आकाशातून येणारी अतिसूक्ष्म कंपने टिपणार. आपल्याला मात्र तीन सिलिंडरांची थरथर ओळखता आली तरी पुरे.

ती थरथर अशी. मारुतीचे इंजिन ७९६ सीसीचे, सिलिंडर तीन. चार बैलांच्या नांगरातला एक बसला तर तीन ओढतात. तिघांतला एक बसला की सारी गाडी हादरते. उभ्या गाडीत स्टिअरिंग थडथडते, चढावर पिकअप मिळत नाही. याला मिस्त्री ‘मिसिंग’ म्हणतात. चालू इंजिनाच्या प्लगच्या टोप्या एकेक उपटून पाहण्याची जुनी पद्धत आहे, पण ती तुम्ही करू नका. झटका जबर बसतो आणि इंजेक्शनच्या गाडीत नुकसानही होते. त्यापेक्षा इंजिन थंड झाल्यावर तिन्ही प्लग काढून क्रमाने मांडा. टोक खरपूस भाकरीसारखे तांबूस, तर तो सिलिंडर बरा. कोरडी काजळी, तर पेट्रोल जास्त, किंवा चोक ओढलेलाच राहिला. तेलकट ओले, तर ऑइल वर येते आहे. दोन तांबूस आणि एकच धुतल्यासारखा लख्ख, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी शिरते आहे. प्लगांची अदलाबदल करून पाहा : दोष प्लगाबरोबर दुसरीकडे गेला तर प्लग बदला, जागीच राहिला तर वायर किंवा त्याच्यापुढचे दुखणे.

औंढ्याहून शिरड शहापूरमार्गे वसमतकडे रस्ता सरळ होत जातो. ज्वारी हुरड्यावर आलेली, उसाच्या गाड्या कारखान्याच्या दिशेने, आणि वसमत जवळ येईल तसतशी हळदीची राने. इथल्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. या सपाटीवर मागे बसलेल्यांना मागच्या काचेतून धूर बघायला सांगा. काळा धूर म्हणजे पेट्रोल वाया. निळसर म्हणजे ऑइल जळते आहे. उतारावर पाय काढून पुन्हा दाबल्यावर तो एकदम येतो. पांढरा धूर पहाटे सेनगावला होता तो नुसता दवाचा. पण भर दुपारी, गरम इंजिनातून, गोडसर वासाचा पांढरा धूर सुटत असेल, तर पाणी जळते आहे. हेड गॅसकेट गेली. ऑइलच्या झाकणाखाली लोण्यासारखा फेस दिसला तरी हाच संशय घेतात. मात्र थंडीत रोज दोन-चार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीतही थोडा फेस धरतो. म्हणून डिपस्टिकवरचे ऑइलही पाहा. तेही ताकासारखे झाले असेल तर गाडी जागेवरून हलवू नका.

पेट्रोलचे एक सांगायचे राहिले. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते आपल्याच उसातून, मक्यातून निघते, ही आनंदाची गोष्ट. पण जुन्या गाडीच्या पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधली रबरे त्यासाठी केलेली नव्हती. ती फुगतात, तडकतात. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेते. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत हे पाणी खाली बसते आणि मग गाडी गचके खाते. इंजिनाजवळ पेट्रोलचा वास येऊ लागला तर नळ्या ताबडतोब बदलून घ्या. तिथे आगीची भीती आहे.

वसमतला पोहोचलो. मिस्त्रीकडे जाल तेव्हा ‘गाडी गरम होते, बघा’ एवढेच सांगू नका. तेवढ्याने तो आधी थर्मोस्टॅट काढील, मग रेडिएटर, आणि बिल वाढत जाईल. असे सांगा : ‘दादा, बाजारात उभी असली की काटा चढतो, रस्त्याला लागली की उतरतो. हीटर गरम लागतो.’ किंवा, ‘औंढ्याच्या चढावर चढतो, तेव्हा हीटर गार पडतो.’ चांगला मिस्त्री या दोन वाक्यांवर बॉनेट उघडण्याआधीच अर्धे काम ओळखतो, आणि ‘काढून टाकू’ म्हणणाऱ्यालाही मग जरा विचार करावा लागतो. पाण्याची शंका असेल तर रेडिएटरला हवेचा दाब देऊन गळती शोधायला सांगा. ते साधन बऱ्याच गॅरेजांत असते.

एक तपासणी मात्र घरीच करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी पूर्ण थंड असताना, रेडिएटरचे झाकण उघडून घरातल्या एका ठरलेल्या पेल्याने पाणी-कूलंट भरा आणि किती पेले लागले ते मोजा. बाजूच्या बाटलीतली पातळीही पाहा. काहीच लागले नाही, तर उत्तम. पेलाभर लागले, तर पाइपांचे क्लॅम्प आणि खालची जमीन बघा. दर खेपेला दोन-तीन पेले लागत असतील, बाहेर कुठे ओल नसेल आणि आतली चटईही कोरडी असेल, तर ते पाणी इंजिनातच जाते आहे. त्या गाडीने अपरात्री दवाखाना गाठण्याचा भरवसा धरू नका, शेजाऱ्याच्या गाडीचे आधी बोलून ठेवा. हा पेल्यांचा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाशेजारी, तारखेसह लिहीत जा.